टास्क मॉडेलवरून बिझनेस सॉफ्टवेअरचा ॲडॅप्टिव्ह यूआय जनरेट करायचाय? क्रम चुकवू नका

टास्क मॉडेल (माणूस काय काय काम करतो त्याची झाडासारखी मांडणी) बनवलं, जनरेटर (त्यावरून आपोआप स्क्रीन बनवणारं टूल) चालवला, स्क्रीन आल्या, आणि वापरणाऱ्यांनी आठवडाभरात "आम्हाला आमची जुनीच द्या" म्हणून सांगितलं, अशी तक्रार घेऊन येणारे लोक मला सारखे भेटतात. त्यांचं मॉडेल उघडून बघितलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते, झाडाच्या फांद्यांना जुन्या स्क्रीनची नावं दिलेली असतात. हेडर टॅब, ओळींचा टॅब, सेव्ह, कॅन्सल. म्हणजे टास्क मॉडेल बनवलेलंच नाही, जुनी स्क्रीन उचलून झाडासारखी मांडली, मग त्यातून जनरेटर दुसरं काय काढणार, तीच स्क्रीन परत काढतो, फक्त जरा जास्त कुरूप.

म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: स्क्रीन सगळ्यात शेवटी येते. आधी माणूस काय काम करतोय ते, मग कुठल्या क्षणी त्याला काय काय करता आलं पाहिजे ते, मग परिस्थिती बदलली की यातलं काय बदलतं ते (यूआय, म्हणजे वापरणाऱ्यासमोरची मांडणी, परिस्थितीप्रमाणे बदलते म्हणून ॲडॅप्टिव्ह), आणि मग विजेट, म्हणजे बटण, यादी, चेकबॉक्स असे स्क्रीनचे भाग.

उदाहरण एकच घेतो, गोदामात आलेल्या मालाची आवक नोंदवणं. गोदामातला माणूस हातातला स्कॅनर घेऊन उभ्याने नोंद करतो, सुपरवायझर टॅबलेटवर कमी-जास्त मालाचा फरक मंजूर करतो, आणि खरेदी विभागातला माणूस डेस्कटॉपवर बसून तीच आवक ऑर्डरशी ताडून बघतो. माल एकच, नोंद एकच, पण तिघांचं काम अगदी वेगळं.

## सुरू करण्याआधी हातात काय हवं

पहिलं म्हणजे प्रत्यक्ष काम बघितलेलं हवं. रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट वाचून मॉडेल बनवू नका, त्यात काम कसं व्हायला पाहिजे ते असतं, कसं होतं ते नसतं. प्रत्येक रोलमधल्या दोन-तीन जणांच्या शेजारी उभं राहून बघा, आणि खास करून अडथळे लिहून घ्या. स्कॅन होत नाही तेव्हा काय करतो, मध्येच दुसरी गाडी येऊन लागली तर अर्धी नोंद कुठे ठेवतो, कागदाच्या चिठ्ठीवर काय खरडतो. ती चिठ्ठी फार महत्त्वाची आहे, चिठ्ठीवर जे लिहिलं जातं ते सॉफ्टवेअरला करता येत नाहीये असा तिचा सरळ अर्थ.

दुसरं, वस्तूंची यादी. ऑर्डर, ऑर्डरमधली ओळ, बॅच, पावती, आणि त्यांची नाती. डेटाबेसची टेबलं नकोत, लोक ज्या नावाने बोलतात ती नावं.

तिसरं, परिस्थितीचा तक्ता. कॅमेलियॉन नावाची यूआय बनवण्याची जी चौकट 2003 मध्ये मांडली गेली तिच्यात परिस्थितीचे तीन भाग केलेत, वापरणारा, उपकरण आणि आजूबाजूचं वातावरण, ते तीनच घ्या, पुरतात. पण सगळ्यांची सगळ्यांशी जोडी लावू नका. 3 रोल, 3 उपकरणं आणि उजेड चांगला किंवा वाईट असं धरलं तर 18 जोड्या होतात, खऱ्या आयुष्यात त्यातल्या चार-पाचच घडतात. त्या चार-पाच लिहा, बाकी सोडा.

आणि चौथं, काय जनरेट करायचं नाही ते आत्ताच ठरवा. ग्राफने भरलेला डॅशबोर्ड, नकाशा, ओढून-सोडून चालणारा प्लॅनिंग बोर्ड, हे हाताने बनवा आणि मॉडेलमध्ये एक पान (झाडाचं टोकाचं पान, पेज नव्हे) म्हणून जोडा. फॉर्म, याद्या, शोध, मंजुरी, टप्प्याटप्प्याने भरायची कामं, जनरेशनचा खरा फायदा तिथे आहे.

तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर एका खऱ्या माणसाचं काम आठवतंय का? नसेल आठवत तर ती ओळ खोडा.

## पायरी 1: नोटेशन आणि हद्द ठरवा

नोटेशनवर (झाड कुठल्या चिन्हांनी लिहायचं यावर) वाद घालण्यात लोक महिना घालवतात, गरज नाही. कॉनकरटास्कट्रीज, म्हणजे सीटीटी, हे फाबियो पातेर्नो आणि इटलीतल्या पिसामधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं 1997 पासूनचं नोटेशन आहे, त्याच्यासाठी सीटीटीई नावाचं टूल आहे ज्यात मॉडेल चालवून बघता येतं, आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने 2014 मध्ये टास्क मॉडेलवर जी नोट काढली तीही याच वळणाची आहे. सुरुवातीला हेच घ्या.

बीपीएमएन (कंपनीतल्या कामाचे टप्पे चित्रात मांडायची पद्धत) आहे ना आमच्याकडे, मग हे कशाला, असं हमखास विचारतात. बीपीएमएन सांगतं की काम कोणाकडून कोणाकडे जातं. त्यातला एक "युझर टास्क" चा चौकोन घ्या, त्या चौकोनाच्या आत एकटा माणूस स्क्रीनसमोर काय करतो ते टास्क मॉडेल सांगतं. म्हणजे एका चौकोनाला एक झाड. हद्द अशी पाळली तर मॉडेल हाताबाहेर जात नाही. सगळ्या ईआरपीचं (कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) एकच झाड काढायला गेलेले लोक मी बघितलेत, ते झाड भिंतीवर लावून झालं की परत कोणी त्याच्याकडे बघत नाही.

## पायरी 2: झाड उतरवा

मुळाशी उद्दिष्ट लिहा, क्रियापदासकट: "आवक नोंदवा". मग खाली उतरत जा, आणि प्रत्येक टास्कला चारपैकी एक प्रकार द्या. माणूस डोक्यात करतो तो (माल ठीक दिसतोय का ते ठरवणं), माणूस आणि सिस्टिम मिळून करतात तो (प्रमाण भरणं), सिस्टिम एकटी करते तो (पावती तयार करणं), आणि यांचा गठ्ठा म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट.

डोक्यात होणारे टास्क लोक गाळतात, कारण त्यातून कुठलंच विजेट निघत नाही. गाळू नका. "खोक्यावरचं लेबल ऑर्डरशी जुळतंय का बघा" हा टास्क झाडात असला तरच पुढे कळतं की त्या क्षणी ऑर्डरमधलं वस्तूचं नाव डोळ्यासमोर पाहिजे. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हा टास्क गाळला होता, मग छोट्या स्क्रीनच्या नियमाने वस्तूचं नाव उडवलं आणि फक्त कोड नंबर ठेवला, आणि गोदामातली माणसं प्रत्येक ओळीला मागे जाऊन नाव वाचून येत होती. नियमाची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की नाव लागतं.

कुठे थांबायचं? पान म्हणजे एकाच कृतीत संपणारी गोष्ट: एक निवड, एक भरणं, एक आदेश, किंवा एक दाखवणं. "बटण दाबा", "यादी उघडा" इथपर्यंत उतरलात तर एक पायरी जास्त उतरलात, कारण बटण आणि यादी हे आधीच विजेट झालं.

सावधान: झाडात टॅब, पॉपअप, ड्रॉपडाउन, पेज, ग्रिड यातला एकही शब्द दिसला तर तो टास्क परत लिहा. आणि प्रत्येक टास्कला कायमचा आयडी द्या, नावापासून वेगळा. नाव दहादा बदलेल, आयडी बदलला तर पायरी 8 मधलं सगळं तुटेल.

## पायरी 3: ऑपरेटर लावा (सगळ्यात जास्त चुका इथे होतात)

झाड उतरवणं बहुतेकांना जमतं, शेजारी शेजारी असलेल्या टास्कमधलं नातं (ते लिहायचं चिन्ह म्हणजे ऑपरेटर) लिहिताना गडबड होते. आणि स्क्रीन कशा पडणार ते जवळपास सगळं या नात्यांवरच ठरतं, म्हणून इथे वेळ काढा.

नेहमी लागणारी नाती अशी. `>>` म्हणजे आधीचा संपला की पुढचा सुरू. `[]>>` तेच, पण माहिती पुढे देत. `|||` म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू, कसेही मागेपुढे करा. `|=|` म्हणजे क्रम कुठलाही पण एक सुरू केला की तो संपवूनच दुसरा. `[]` म्हणजे यातला एकच, एक सुरू केला की दुसरा गेला. `[>` म्हणजे उजवीकडचा सुरू झाला की डावीकडचा कायमचा बंद. `|>` म्हणजे उजवीकडचा मध्ये घुसतो आणि तो संपला की डावीकडचं काम जिथे होतं तिथून पुढे. शिवाय टास्कवर `*` म्हणजे पुन्हा पुन्हा, आणि चौकटी कंसात टास्क म्हणजे ऐच्छिक.

आपलं उदाहरण:

आवक नोंदवा = ऑर्डर शोधा `[]>>` तपशील दाखवा `[]>>` ओळ तपासा`*` `[>` आवक बंद करा `[]>>` पावती तयार करा

ओळ तपासा = वस्तू स्कॅन करा `[]>>` माहिती भरा `>>` ओळ सेव्ह करा

माहिती भरा = प्रमाण भरा `|||` [बॅच भरा] `|||` [खराब माल नोंदवा]

आता चुका बघू.

पहिली चूक, सगळीकडे `>>`. जुन्या फॉर्ममध्ये प्रमाण वर होतं आणि बॅच खाली, म्हणून प्रमाण `>>` बॅच असं लिहितात. मग जनरेटर त्याचे दोन टप्पे करतो आणि माणसाला "पुढे" "पुढे" दाबत बसावं लागतं. `>>` लिहायच्या आधी स्वतःला विचारा, दुसरं आधी केलं तर खरंच काही बिघडतं का? नसेल बिघडत तर `|||`.

दुसरी चूक, `*` च्या पुढे `>>`. पुन्हा पुन्हा होणारा टास्क आपण होऊन संपत नाही, त्याला कोणीतरी थांबवावं लागतं, त्यामुळे "ओळ तपासा`*` `>>` आवक बंद करा" असं लिहिलं तर बंद करायची पाळी कधी येतच नाही. म्हणून तिथे `[>`.

आणि तिसरी चूक त्या `[>` मधूनच येते, हिला मी सगळ्यात घातक म्हणेन. `[>` म्हणजे डावीकडचं काम कुठेही असो, अर्ध्यात असो, उजवीकडचं सुरू होऊ शकतं. म्हणजे माणसाने वस्तू स्कॅन केली, प्रमाण 40 भरलं, अजून सेव्ह केलं नाही, आणि "आवक बंद करा" केलं, तर मॉडेलप्रमाणे ते बरोबर आहे, आणि ती 40 नगांची ओळ गेली. पावती तयार होते, माल रॅकवर आहे, नोंदीत नाही. ही गोष्ट टेस्टिंगमध्ये सापडत नाही कारण टेस्ट करणारा माणूस नीट सेव्ह करून मगच बंद करतो. उपाय सोपा आहे, "आवक बंद करा" वर अट लावा: अर्धवट ओळ नसेल तरच. किंवा अर्धवट ओळ आपोआप मसुदा म्हणून ठेवणारा सिस्टिमचा टास्क घाला. काहीही करा, पण प्रत्येक `[>` समोर थांबून विचारा, डावीकडचं अर्धं काम कुठे जातं?

चौथी, एकाच पातळीवर तीन-चार वेगवेगळे ऑपरेटर. त्यांना अग्रक्रम असतो, `[>` हा `>>` पेक्षा घट्ट बांधतो म्हणून वरची ओळ बरोबर वाचली जाते, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला ते लक्षात राहणार नाही. शंका आली की मध्ये एक ॲबस्ट्रॅक्ट टास्क घालून गठ्ठा उघड करा.

मध्येच दुसरी गाडी लागण्याचा प्रकार `|>` ने लिहितात, आणि तो लिहिला तर पुढे "अर्धी आवक बाजूला ठेवा" ही सोय आपोआप सगळ्या उपकरणांवर येते, चिठ्ठी लिहायची गरज उरत नाही.

## पायरी 4: प्रत्येक पानाला डेटा, अट आणि रोल जोडा

पानावर चार गोष्टी लिहा: कुठल्या वस्तूचा कुठला गुण, वाचायचा की बदलायचा, कुठल्या अटीवर हा टास्क चालू होतो, आणि कोणाला करायची परवानगी आहे. याबरोबर अंदाजे किती वेळा होतो (दर ओळीला, दिवसातून एकदा, महिन्यातून एकदा) तेही लिहा, ही माहिती मांडणी ठरवताना लागते आणि नंतर आठवून लिहिली की चुकते.

सावधान: परवानगी मॉडेलमध्ये लिहिली म्हणजे सुरक्षा झाली असं समजू नका. बटण न दाखवणं ही सोय आहे, अडवणं नाही. सर्व्हरने प्रत्येक विनंतीला परवानगी स्वतंत्रपणे तपासलीच पाहिजे, नाहीतर लपवलेल्या बटणामागचा आदेश कोणीही थेट पाठवू शकतो.

## पायरी 5: मॉडेल चालवून दाखवा, स्क्रीन नाही

जनरेट करायच्या आधी मॉडेल सिम्युलेट करा. टूल नसेल तर कागदावर: आत्ता कुठले टास्क चालू आहेत ते वाचून दाखवायचं, समोरचा माणूस एक निवडतो, मग पुढचा संच वाचायचा. काम करणाऱ्या माणसालाच समोर बसवा. कालचीच एखादी खरी आवक घ्या आणि तिच्यावरून चाला, मग एक बिघडलेली घ्या, ज्यात माल कमी आला होता.

अर्ध्या तासाचं काम आहे आणि लोक हेच टाळतात, म्हणतात झाड लोकांना कळणार नाही. झाड दाखवू नका ना, फक्त विचारा, "आता तुम्हाला प्रमाण, बॅच, खराब माल एवढं भरता येईल, आणखी काही करावंसं वाटतंय?" आणि तो म्हणतो, "मागची ओळ दुरुस्त करायचीय." झालं, एक राहिलेला टास्क सापडला. आवक नोंदीत हा जवळजवळ प्रत्येक वेळी राहिलेला असतो, कारण मॉडेल बनवणारा फक्त सरळ रस्ता डोळ्यासमोर ठेवतो.

तपासा: असा एखादा क्षण आहे का जिथे एकही टास्क चालू नाही पण काम संपलेलंही नाही? असेल तर ऑपरेटर चुकलाय, परत पायरी 3.

## पायरी 6: चालू टास्कचे संच काढा आणि त्यांच्यावरून दर्शनं (एका वेळी समोर दिसणाऱ्या स्क्रीन) ठरवा

एका क्षणी एकदम चालू असलेल्या टास्कच्या गटाला एनेबल्ड टास्क सेट म्हणतात. हे टूल काढून देतं, पण एकदा तरी हाताने काढा म्हणजे स्क्रीन कुठून आल्या ते कळतं. आपल्या मॉडेलचे, आवक बंद करण्यावर अट लावायच्या आधीचे:

1. ऑर्डर शोधा
2. तपशील दाखवा
3. वस्तू स्कॅन करा, आवक बंद करा
4. प्रमाण भरा, बॅच भरा, खराब माल नोंदवा, आवक बंद करा
5. ओळ सेव्ह करा, आवक बंद करा
6. पावती तयार करा

बघा, चौथ्या आणि पाचव्या संचात "आवक बंद करा" बसलेलं उघड दिसतंय, मघाची ती घातक चूक इथेही पकडता येते. अट लावली की ते फक्त तिसऱ्यात उरतं. (बॅच आणि खराब माल ऐच्छिक आहेत, त्यामुळे काटेकोर बघितलं तर प्रमाण भरलं की सेव्ह लगेच चालू होतं आणि मधले आणखी काही संच निघतात, ते इथे सोडून दिलेत.)

आता एका संचाला एक स्क्रीन असं डोळे झाकून करू नका. दोन संचांत एका-दोन टास्कचाच फरक असेल तर ते एकत्र करा, म्हणून 4 आणि 5 एकच, सेव्ह तिथेच, अट पूर्ण होईपर्यंत बंद. माहिती पुढे जात असेल (`[]>>`) आणि आधीची माहिती नंतर बघावी लागत असेल तर तेही एकत्र, म्हणून तपशील हा तिसऱ्या आणि चौथ्यासोबत दिसत राहतो. मात्र मागे फिरता न येणारी गोष्ट, जशी पावती तयार होणं, कधीच दुसऱ्या संचात मिसळू नका.

हे एकत्र करणं उपकरणाप्रमाणे वेगळं असणार, आणि ॲडॅप्टिव्ह असण्याचा पहिला मोठा भाग इथेच आहे. डेस्कटॉपवर 2, 3, 4, 5 सगळं एका दर्शनात मावतं. हातातल्या स्कॅनरवर 3 वेगळं आणि 4-5 वेगळं. मॉडेल तेच, संच तेच, जोडणी वेगळी.

## पायरी 7: बदलाचे नियम लिहा, आणि ते शक्य तितक्या वरच्या पातळीवर लिहा

आता कुठे नियमांची पाळी. बरेच जण इथूनच सुरुवात करतात, "स्क्रीन छोटी असेल तर हे लपव", आणि मग शंभर नियम होतात आणि कुठला कशामुळे चालला ते कोणालाच कळत नाही.

नियम तीन पातळ्यांवर लावता येतो. टास्कच्या पातळीवर: गोदामातल्या माणसाला फरक मंजूर करण्याची फांदीच नाही. गटाच्या पातळीवर: छोट्या स्क्रीनवर संचांची जोडणी वेगळी, क्रम वेगळा. विजेटच्या पातळीवर: हातमोजे घालून काम असेल तर मोठी बटणं, आकडा टाइप करायच्या जागी स्कॅन किंवा अधिक-उणे. रोलमुळे होणारा बदल जवळजवळ नेहमी पहिल्या पातळीचा असतो, तो विजेटच्या पातळीवर "लपव" म्हणून लिहिला की रिकाम्या जागा, एकट्या पडलेल्या शीर्षकाच्या ओळी, आणि अनिवार्य पण न दिसणारी फील्ड असले प्रकार होतात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत पियर अकिकी आणि सहकाऱ्यांनी 2013 च्या सुमारास मोठ्या बिझनेस सॉफ्टवेअरसाठी रोलवर आधारित सुलभीकरण मांडलं, त्यातही आधी कमीत कमी सोयींचा संच आणि मग योग्य मांडणी, असे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत. तुम्हीही वेगळेच ठेवा.

प्रत्येक नियम एकाच साच्यात लिहा: केव्हा, कुठल्या अटीवर, काय बदल, आणि का. "का" हा रकाना रिकामा असेल तर नियम घेऊ नका.

नियम एकमेकांशी भांडणार, त्यासाठी अग्रक्रम आधीच ठरवा. माझा क्रम असा: सुरक्षा आणि कायद्याने लागणारी गोष्ट, मग वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड, मग रोल, मग उपकरण आणि वातावरण, आणि सगळ्यात खाली सवयीवरून बांधलेला अंदाज.

तो अंदाज इतका खाली का? कारण सवय बघून आपोआप जागा बदलणारे मेन्यू लोकांना हळू करतात. ऑफिस 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापरलेले आदेश लपवणारे मेन्यू आणले होते, 2007 मध्ये रिबन (वरची बटणांची पट्टी) आली तेव्हा ते तिथून गेले. लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनर यांनी 2004 मध्ये स्थिर, आपोआप बदलणारे आणि माणसाने स्वतः बदलायचे असे तीन मेन्यू तपासले, आपोआप बदलणाऱ्यापेक्षा स्थिर मेन्यूवर काम लवकर झालं आणि बहुतेकांची पसंती स्वतः बदलायच्या मेन्यूला होती. जो माणूस दिवसाला शेकडो ओळी भरतो त्याचा हात न बघता चालतो, त्याच्या बोटाखालून बटण सरकवणं म्हणजे त्याची कमावलेली सवय हिसकावून घेणं. सवयीवरून फक्त सुचवा: अलीकडच्या ऑर्डर वर दाखवा, नेहमीचं मूल्य आधीच भरून ठेवा. जागा हलवू नका.

आणि बदल कधी होणार तेही नियमातच लिहा. काम चालू असताना मध्येच मांडणी बदलायची नाही, एका संचातून दुसऱ्यात जाताना बदलायची. टॅबलेट आडवा केला म्हणून मांडणी बदलणं ठीक आहे, पण भरलेला मजकूर विजेटमध्ये नाही तर टास्कच्या डेटात ठेवलेला असला पाहिजे, नाहीतर फिरवल्या फिरवल्या भरलेलं सगळं जातं.

तपासा: प्रत्येक आपोआप बदल वापरणाऱ्याला उलटवता येतो का, आणि उलटवला की तो तसाच राहतो का?

## पायरी 8: विजेट निवडा आणि जनरेट करा

आधी ॲबस्ट्रॅक्ट यूआय, म्हणजे विजेट अजून न ठरवलेली मांडणी: प्रत्येक पान टास्कला निवड, भरणं, आदेश किंवा दाखवणं यातला एक प्रकार, आणि पायरी 6 चे गट. मग त्याच्यावर जुळणीचा तक्ता: निवड असेल आणि पर्याय पाचपर्यंत असतील तर सगळे समोर, त्याच्या वर यादी, शेकड्याने असतील तर शोधासकट यादी. हो किंवा नाही असेल तर चेकबॉक्स. तारीख, आकडा, मजकूर वेगवेगळे. हा तक्ता उपकरणागणिक एकेक ठेवा. बोटाने दाबायच्या जागेचा आकार अंदाजाने ठरवू नका, डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम) मधल्या, एए पातळीला किमान 24 गुणिले 24 सीएसएस पिक्सेल आणि सगळ्यात कडक, एएए पातळीला 44 गुणिले 44 सांगितलंय, स्कॅनरसाठी दुसरा आकडाच किमान धरा.

लेबलं मॉडेलमधल्या टास्कच्या नावावरून उचलू नका, वेगळ्या शब्दकोशातून आणा. टास्कचं नाव तुमच्यासाठी आहे, लेबल वापरणाऱ्यासाठी.

आता तो प्रश्न ज्याच्यावर बहुतेक प्रोजेक्ट बुडतात. जनरेट झालेली स्क्रीन ऐंशी टक्के बरी असते, उरलेलं कोणीतरी आउटपुटमध्ये हाताने दुरुस्त करतं, महिन्याने मॉडेल बदलतं, परत जनरेट होतं, दुरुस्त्या पुसल्या जातात. हे दोनदा झालं की टीम जनरेटर बंद करून टाकते आणि मॉडेल मरतं. म्हणून नियम कडक ठेवा, आउटपुटला हात लावायचा नाही. दुरुस्ती तीनच जागी होऊ शकते: सगळीकडे लागू असेल तर जुळणीच्या तक्त्यात, एखाद्या परिस्थितीत लागू असेल तर पायरी 7 च्या नियमात, आणि फक्त त्या एकाच टास्कला लागू असेल तर वेगळ्या ओव्हरराइड फाइलमध्ये (अपवादांच्या फाइलमध्ये), टास्कच्या आयडीला बांधून. म्हणूनच पायरी 2 मध्ये आयडी कायमचा ठेवा म्हटलं. ओव्हरराइड फाइल फार वाढायला लागली तर तक्ता किंवा मॉडेल चुकलंय असं समजा आणि मागे जा.

हल्ली बरेच जण कोड लिहायचं काम एआय भाषा मॉडेलला देतात, चालतं, पण त्याला इनपुट म्हणून ॲबस्ट्रॅक्ट यूआय आणि तक्ता द्या, आणि आलेल्या आउटपुटमध्ये प्रत्येक टास्क आयडी एकदा आहे का, जास्तीचं काही आलंय का, हे प्रोग्रामने तपासा. नुसतं "आवक नोंदीची स्क्रीन बनव" म्हटलंत तर जगातल्या सरासरी आवक नोंदीची स्क्रीन मिळेल, तुमची नाही.

## पायरी 9: तपासणी

तयारीतल्या तक्त्यातली प्रत्येक खरी परिस्थिती घ्या, आणि प्रत्येकात पायरी 5 च्या त्याच दोन आवका, सरळ आणि बिघडलेली, पूर्ण करून बघा. प्रत्येक वेळी हे बघा:

- मॉडेलप्रमाणे चालू असलेला प्रत्येक टास्क स्क्रीनवर सापडतोय का, आणि चालू नसलेला एखादा चुकून दाबता येतोय का
- अनिवार्य पण न दिसणारं एखादं फील्ड सेव्ह अडवतंय का
- नुसत्या कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरवर (स्क्रीन वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) क्रम तोच आहे का जो मॉडेलमध्ये आहे
- कुठला बदल कुठल्या नियमाने झाला ते लॉगमध्ये टास्कच्या आयडीसकट दिसतंय का

शेवटचा मुद्दा लोकांना फालतू वाटतो, पण हेल्पडेस्कला फोन येतो की "माझ्या स्क्रीनवर ते बटणच नाहीये" तेव्हा समोरच्या माणसाकडे त्याची स्वतःची वेगळी स्क्रीन असते आणि त्याला ते बटण दिसत असतं. त्या युझरची आत्ताची परिस्थिती टाकून अगदी तीच स्क्रीन उभी करून दाखवणारी एक छोटी सोय हेल्पडेस्कला द्या, आणि मदतीच्या पानातली चित्रंही जनरेटरकडूनच, रोलप्रमाणे काढून घ्या.

पहिल्या दिवशी सगळे नियम चालू करू नका. आधी फक्त रोल आणि उपकरणाचे चालू करा, दोन आठवडे लॉग बघा, लोक कुठला बदल उलटवतायत ते बघा. तीच गोष्ट बरेच जण उलटवत असतील तर तो नियम काढून टाका, सुधारत बसू नका, आणि त्या टास्कजवळ जाऊन पुन्हा एकदा शेजारी उभं राहून काम बघा.